मयूर विहारची तालीम केलेली मराठी

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं म्हणून दिल्ली गाठली. दिल्लीत वाढलेली मराठी मुलं घरात मराठीच बोलतात, असं माझं म्हणणं. मार्गदर्शकांना ते पटत नव्हतं आणि मी हट्टाला पेटले होते.

पुण्याहून जाणाऱ्यांनी निजामुद्दीनला उतरावं. मेट्रोच्या पिंक लाइनने मयूर विहार अगदी जवळ; रिक्षावाल्यांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. थंडीत हवा धुराने भरलेली, मास्क हवाच. तिथल्या सोसायटीत माझी सुलभामावशी राहते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. मुलाखतींसाठी मराठी घरं तिनेच जमवली होती.

दोन दिवस घरोघर मटार घातलेले पोहे खाल्ले आणि ऐकत राहिले. मुलांची मराठी ऐकून ऊर भरून आला. शेजारची नववीतली ईरा म्हणाली, "आम्ही घरी मराठीच बोलतो, कारण भाषा हा आमचा वारसा आहे." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

निघताना मावशी खाली सोडायला आली, लिफ्टमध्ये ईरा पुन्हा भेटली. मावशीला हळूच म्हणाली, "आंटी, ठीक बोला ना मैंने? कुछ भूली तो नहीं?"

मी वळून मावशीकडे पाहिलं.

"अगं, तालीम घेतली सगळ्यांची," मावशी शांतपणे म्हणाली. "गणपतीत नाटक बसवतो ना, तसंच."

"मावशी, मला खरं हवं होतं गं."

"अच्छा? माहेरची पोर एवढ्या लांबून येणार, आणि मुलं तिच्यासमोर हिंदी झाडणार? शोभलं असतं का?"

गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. दगडांचा अभ्यास करणारे सुखी. पाहुणा येणार म्हणून दगड काही नवे कपडे घालून बसत नाही. चिडून, रडकुंडीला येऊन मी घरी पोहोचले. ‘मराठी टिकलेली नाही, ती पाहुण्यांपुरती आहे’ असं लिहून प्रकरण पाठवून दिलं.

महिन्याभराने मावशीचा फोन. "मुलांना गोडी लागली बघ. तू गेल्यावरही संध्याकाळी जमतात. ईरा जेवताना मराठीच बोलते, आई अडखळते बिचारी."

मी पाठवलेलं प्रकरण पुन्हा उघडलं. जे मी खोटं म्हणून खोडलं होतं, ते माझ्या जाण्यामुळेच खरं होऊ लागलं होतं. आनंद झालाच, पण त्याहून जास्त भीती वाटली.

मार्गदर्शकांना फोन केला. म्हटलं, "सर, प्रकरण परत पाठवा. काय लिहायचं ते अजून ठरत नाही. पण मराठी टिकली नाही असं मी छापलं, तर ते ती मुलं वाचतील, आणि मग तेही खरं होईल."