झेंडूच्या टोपलीतली पुडी

पोलिसातून निवृत्त झालो, तरी दर्यापूरच्या स्टँडवर सापडलेली ती पांढरी पुडी डोळ्यांसमोरून हलत नाही. दसरा तोंडावर आला होता. खबऱ्या म्हणाला, "साहेब, झेंडूवाली एक बाई बाकीच्या बायाईले पांढऱ्या पुड्या वाटून राहिली."

पंचांसमोर टोपली उपसली, पुडी निघाली. अमली पदार्थ तपासायच्या किटमधलं रसायन टाकताच भुकटी हेरॉइनसारखी तांबूस-जांभळी झाली. हवालदार खूश. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात जामीन अवघड, आणि बाईचा वर्षाचा झेंडू शेतात तोडणीला उभा.

महिला अंमलदाराला बसवून मी बाईला खोदून विचारलं. बाई खमकी. "डोकं दुखायच्या गोया कुटून फुलाच्या पाण्यात टाकतो आमी. फूल टवटवीत राह्यते. तुमाले खरं नाई वाटत त मी काय करू?"

खमके गुन्हेगारही मी भरपूर पाहिलेत. पण ही स्वतःच्या सुटकेचं सोडून सारखी म्हणत होती, "टोपलीवर पाणी त शिंपडा." ते मला खटकलं, गुन्हेगाराला फुलांची कुठे पडलेली असते?

हवालदाराची शंकाही रास्त होती. "गोळ्यांच्या भुकटीत माल मिसळला असला तर?" भेसळ तशीच करतात. प्रयोगशाळेच्या अहवालाला वेळ लागणार, म्हणून अकोल्याच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना ठाण्यातच बोलावलं. त्यांच्याकडे बोटाएवढी इलेक्ट्रोडची पट्टी होती, खास लेप दिलेली. भुकटी विरघळवून तिच्यावर थेंब टाकला, बारीक वीज सोडली, आणि मोबाइलवर रेघ सरकू लागली.

"प्रत्येक पदार्थाची टेकडी आपापल्या जागी उठते," त्या म्हणाल्या. "मालात गोळी मिसळली असेल तर दोन दिसतील."

सगळं ठाणं मोबाइलवर वाकलं. एकच टेकडी उठली, डोकेदुखीच्या गोळीची. नव्या पट्टीवरही तेच. आमच्या किटला गोळीनेच चकवलं होतं.

कोर्टात चालतो तो प्रयोगशाळेचाच अहवाल, म्हणून नमुना सील करून तिकडे पाठवला. बाईला मात्र अटक न करता घरी सोडलं. पुढे अहवालही तसाच आला. खबऱ्याला बोल लावला नाही, त्याने पाहिलं तेच सांगितलं होतं. नव्या अधिकाऱ्यांना मी अजून सांगतो, रंग बदलला की संशय घ्या, पण गुन्हेगार ठरवायची घाई करू नका.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन चाललं होतं. बाई झेंडूची टोपली घेऊन दारात उभी. "याच्या पाण्यातई गोई टाकली हाये. पायजे त तपासा, मंगच वाहा."

मला हसू आवरेना, आणि मनातून फार बरं वाटलं. बंदुकांना हार घातले. त्यांच्याच रांगेत ती वापरलेली पट्टी ठेवली आणि पहिलं फूल तिच्यावर वाहिलं.