एक पायरी चढून

मुलुंडच्या आमच्या गल्लीत दर वेळी जुन्या डांबरावरच नवं डांबर टाकायचे. रस्ता चढत गेला, आमच्या तळमजल्याच्या दोन्ही पायऱ्या त्याखाली गडप झाल्या आणि पावसाळ्यात पाणी थेट हॉलमध्ये यायला लागलं. म्हणून यंदा कामगार दिसताच मी तावातावाने बाहेर आले. "ओ काका, परत वरूनच थर थापणार असाल ना, तर आधी माझ्याशी बोला!"

पायात गमबूट, डोक्याला रुमाल बांधलेला पन्नाशीचा माणूस शांतपणे म्हणाला, "आधी खरवडणार, ताई."

खरवडायचं मशीन धडधडत गेलं, पण दारापाशी हातभर पट्टा तसाच राहिला. बाकीचे चहाला गेले. हा गुडघ्यावर बसला आणि छिन्नी-हातोडीने तो पट्टा फोडू लागला. "मशीन रस्ता बघतं, ताई. दार मला बघावं लागतं." थोड्या वेळाने डांबराखालून काळ्या दगडाची कड निघाली. आमची वरची पायरी! त्याने ती तळहाताने पुसली.

संध्याकाळी नवं डांबर निवल्यावर त्याने आपलं प्यायचं पाणी दारासमोर ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी घराकडे वळलं नाही, सरळ गटाराकडे गेलं. "झकास," तो स्वतःशीच म्हणाला, बाटलीत उरलेले दोन घोट प्यायला आणि निघाला.

आता कोणी घरी येणार असलं की मी फोनवर मुद्दाम सांगते, "जपून या हं. आमच्याकडे एक पायरी चढून यावं लागतं."