धुतलेला तंबू

मला गाड्यांचं वेड आहे हे सासरी कळू नये म्हणून लग्नानंतर मी पुष्कळ वर्षं काळजी घेतली. साताऱ्याला आमचं घर हमरस्त्याला लागून होतं. लहानपणी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, कोणती गाडी येतेय ते मी सांगायची. आई म्हणायची, "मुलीच्या जातीला ही कसली मेली हौस!" अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आल्यावर मात्र या हौसेला कुणाची आडकाठी राहिली नाही. नवरा तेलकंपनीत इंजिनिअर, पण गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली की हाक मला मारायचा. ऑइल मीच बदलायची, प्लगही मीच साफ करायची.

तेव्हा फ्लोरिडातली चोवीस तासांची मोटारशर्यत बघायची, तीही तिथेच तंबू ठोकून, असं ठरलं आणि मी हवेत तरंगायला लागले. दिवसरात्र गाड्या पळणार, ड्रायव्हर आळीपाळीने बदलणार, आणि आपण गवतात सतरंजी टाकून ते सगळं बघणार! ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत तेव्हा साध्या कॅम्पिंगलाही कुणी जात नसे. "तंबूतच राहायचं होतं तर इतक्या लांब आलात कशाला?" असं एका काकांनी मला तोंडावर विचारलं होतं.

अडचण एकच होती. त्या हिवाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी ड्राइव्हवेवर गाडीखाली आडवी झाले की त्या बाहेर येऊन उभ्या राहायच्या, बराच वेळ बघायच्या आणि एक अक्षर न बोलता आत जायच्या. त्या न बोलण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. सून तंबू घेऊन मोटारी बघायला निघालीय हे कळल्यावर त्या काय म्हणतील, याची मला धास्ती होती. त्यांनी नुसतं "कशाला?" म्हटलं असतं तरी नवरा गप्प बसला असता आणि माझा बेत बारगळला असता.

म्हणून आम्ही परस्पर ठरवलं की तेवढे दिवस त्यांना चार तासांवरच्या अर्विंगला नणंदेकडे पोचवायचं. नणंद तर आनंदाने तयार झाली. आता हे सासूबाईंना सांगायचं कुणी? मी म्हणायची, "तुझी आई आहे, तू सांग." तो म्हणायचा, "तू छान समजावतेस यार, तूच सांग." शेवटी दुसऱ्याने सांगितलं असेल असं आम्ही दोघंही धरून चाललो.

सासूबाई मात्र तयारीला अशा काही लागल्या की मीच ओशाळले. गूळपोळ्या झाल्या, दशम्या झाल्या, दाण्याची चटणी कुटून डब्यात दाबून भरली. "तिथे थंडी असते का गं?" त्यांनी विचारलं. त्या अर्विंगचं विचारताहेत असं समजून मी म्हटलं, "असते थोडीशी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कानटोपी विणायला घेतली. किती समजूतदार बाई, उगाच घाबरले, असं मला वाटलं.

निघायच्या दोन दिवस आधी मी कामावरून घरी आले तर कपडे धुवायच्या खोलीतून धडधड आवाज येत होता. ड्रायरचं बेअरिंग गेलं असणार, अशा खात्रीने मी दार उघडलं. आत आमचा नवाकोरा तंबू होता. पार मऊ पडलेला. आणि त्याच्या आतल्या बाजूचा थर सुटून लसणाच्या सालींसारखे पापुद्रे ड्रायरभर झाले होते.

माझं डोकंच फिरलं. "हा कुणी धुतला?"

"मी," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मशीन कसं लावायचं ते नातीने दाखवलं. गरम पाण्यातून दोनदा काढला. खळ काय निघाली म्हणून सांगू!"

"अहो आई, खळ नव्हती ती! पाणी आत येऊ नये म्हणून लावलेला थर होता तो. आता पाऊस आला तर सगळं गळेल!"

"मला गं काय ठाऊक? कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कुणी वापरतं का? मला त्यात झोपायचंय, रात्रभर अंग खाजलं असतं."

"तुम्हाला?"

"ऑफ कोर्स आजी इज कमिंग," आमची दहा वर्षांची लेक मधेच म्हणाली. "आय टोल्ड हर. शी इज स्लीपिंग ऑन माय साइड."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. जन्मात ज्याने कपडे वाळत घातले नाहीत, तो माणूस खाली बसून मुकाट्याने पापुद्रे वेचायला लागला. वेचता वेचताच पुटपुटला, "आई, तुला अर्विंगला सोडायचं असं आमचं चाललं होतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला आणि मला फार वाईट वाटलं.

"मला वाटलं तुम्हाला हे आवडणार नाही," मी म्हटलं. "मी गाडीखाली असते तेव्हा तुम्ही नुसत्या बघता. काही बोलत नाही."

"काय बोलणार? मला बघायचं असतं तू काय करतेस ते. मधे बोलले तर तुझं लक्ष उडेल."

सासूला मिठी मारायची पद्धत आमच्याकडे नाही. मी मारली. त्या अवघडल्या, पण हलल्या नाहीत.

तसा तो तंबू चौघांना पुरलाच नसता. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन आजोबांनी आपला जाडजूड कॅनव्हासचा, खोलीएवढा तंबू काढून दिला. ते फाटकाबाहेर जाताहेत तोच सासूबाईंनी त्याचं एक टोक उचलून वास घेतला.

"आई, हात लावायचा नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. त्या खुदकन हसल्या.

निघालो त्या सकाळी गाडी मी चालवत होते. सासूबाई माझ्या शेजारी, पातळावर स्वेटर आणि डोक्याला स्वतः विणलेली कानटोपी. नवरा आणि लेक मागे, डब्यांच्या आणि पांघरुणांच्या गराड्यात. ह्यूस्टन मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि सासूबाई समोर बघतच म्हणाल्या, "आजवर मी लग्नांना गेले, बारशांना गेले, लेकीसुनांच्या बाळंतपणांना गेले, कुणाच्या दहाव्याला गेले. इथे आले तीसुद्धा लेकाचा संसार बघायला. नुसती मजा बघायची म्हणून घरातून निघाले, ती आज."

माझे डोळे भरून आले होते आणि आनंदही फार झाला होता. एका हाताने डोळे पुसत गाडी चालवत राहिले.

मग सासूबाई जरा पुढे वाकल्या. "अगं, ती लाल गाडी मघापासून आपल्या पुढे आहे," त्या म्हणाल्या. "तशीच राहू देणार आहेस का?"