आमचाच माणूस

क्षमा करणारी माणसं मोठी असतात म्हणे. मी मोठा नाही. जालन्याच्या एका सळईच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो, आणि तिथली शेवटची सहा वर्षं मी मॅनेजरवर डूख धरून काढली. रोज सकाळी त्याला वाकून नमस्कार करायचो आणि मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

कारण सांगतो. माझा थोरला भाऊ त्याच कारखान्यात भट्टीवर होता. केदारखेड्याहून तो आधी शहरात आला, भट्टीवर राबला, म्हणून मी बी.कॉम. झालो आणि पंख्याखाली बसलो. एके दिवशी भंगारातून ओलं काहीतरी भट्टीत गेलं, आतलं लोखंड उसळलं आणि भावाचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली भाजला. दवाखान्याच्या दारात मी आणि वहिनी उभे होतो. मॅनेजर आला. आत डोकावलासुद्धा नाही. डॉक्टरांना म्हणाला, "हा आमचा माणूस नाही. ठेकेदाराचा आहे. बिल त्याच्याकडे पाठवा."

भट्टीवर ठेकेदार कधी नव्हताच. तो दुसऱ्या दिवशी कागदावर जन्माला आला, आणि त्याला जन्माला घातलं मी. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. मॅनेजरने हजेरीचं कोरं रजिस्टर माझ्यापुढे टाकलं आणि विचारलं, "नोकरी पाहिजे ना?" मी भावाचं नाव ठेकेदाराच्या हजेरीत उतरवलं. आधीची रजिस्टरं भट्टीत गेली. आठवड्याने सरकारी निरीक्षक चौकशीला आले. त्यांनी मला विचारलं, हा कारखान्याचा कामगार होता का? मी खाली बघून नाही म्हणालो. भरपाई बुडाली. भाऊ काठी घेऊन घरी बसला, वहिनी मोसंबीच्या बागांत रोजानं जाऊ लागली. भाऊ मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही. सगळा राग मी मॅनेजरवर टाकला. ते सोपं होतं.

मग समिती आली.

कारखान्याने भट्टी वाढवली तेव्हा सरकारने वीज शुल्क माफ केलं होतं आणि राज्याच्या करातही सूट दिली होती. अट अशी, की बहुतेक कामगार स्थानिक हवेत. आमच्या भट्टीवर तोवर झाडून सगळी पोरं बिहारची झाली होती. कामाला वाघ, स्वभावाने गोड, पण स्थानिक म्हणाल तर छपऱ्याची. वर्षानुवर्षं कुणी बघायला आलं नाही. अखेर ऑडिटवाल्यांनी अहवालात शेरा मारला, की सवलत घेणाऱ्या कारखान्यांत स्थानिक माणसं खरंच आहेत का, हे कुणी तपासलेलंच नाही. अहवाल विधिमंडळात गेला, आणि आमदारांची समिती आमच्याच कारखान्यात येणार असं पत्र आलं.

मॅनेजरची झोप उडाली. गेट रंगवलं, कुंड्या भाड्याने आणल्या. एक सल्लागार दोन दिवस जुन्या फायली घेऊन बसला आणि त्याने स्थानिक कामगारांची यादी तयार केली. जुन्या फायलीत ज्याच्या आधार कार्डावर जालना दिसलं, तो यादीत. कोण कधीच सोडून गेलं, कोण भाजी विकतं, त्याला काय ठाऊक? एक तर वारलेला होता, त्याचं नाव मी काढायला लावलं. मॅनेजरने प्रत्येक पानावर सही ठोकली. सही करताना वाचायची त्याला सवय नव्हती. वाचायला मी होतो.

तिसऱ्या पानावर माझा भाऊ होता. कायम कामगार, भट्टी विभाग. रुजू झाल्याची तारीख अपघाताच्या आठ वर्षं आधीची, आणि पुढे लिहिलेलं, सेवा अखंड. दवाखान्याच्या दारात ज्याला नाकारलं, त्याला या माणसाने स्वतःच्या सहीने कायम करून ठेवलं होतं. आधी मला घाम फुटला आणि मग हसू आलं. मी एक शब्द बोललो असतो तर त्याने ते नाव खोडलं असतं. मी बोललो नाही. पानाची झेरॉक्स काढून डब्याच्या पिशवीत घातली.

"यादीतली माणसं एका दिवसासाठी गोळा कर," मॅनेजर म्हणाला. "पाचशे रुपये, जेवण, हेल्मेट."

घरी भाऊ ऐकेना. "पाचशे रुपयासाठी खोटं बोलू व्हय?"

"खोटं बिलकुल न्हाई बोलायचं," मी म्हणालो. "विचारलं की सांग, मी हितला कायम कामगार. मंग पाय दाखव."

"अन् त्यो न्हाई म्हणला तर?"

"न्हाई म्हणला तर त्याची यादी खोटी, सवलत गेली. हो म्हणला तर तुझी भरपाई आली. दोन्हीकून बराबर फसतो त्यो. सहा वर्सं ह्याच दिसाची वाट बघून राह्यलो मी."

भावाने कोपऱ्यातली काठी ओढून घेतली. मग म्हणाला, "चल."

समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या. त्यांनी शाल घेतली नाही आणि काजूच्या बशीला हात लावला नाही, तेव्हाच मला त्या आवडल्या. आमची माणसं पिवळी हेल्मेटं घालून ओळीत उभी होती. भाऊ मागे, भिंतीला टेकून. मॅनेजरने त्याला ओळखलं नाही. हेल्मेट नसतं तरी ओळखलं नसतं, कामगाराच्या तोंडाकडे तो कधी बघतच नसे.

बाईंनी यादीतलं एक नाव पुकारलं. भाजीवाला पुढे आला. "भट्टी कुठे आहे?" बाईंनी विचारलं. त्याने बोट दाखवलं ते कॅन्टीनकडे. ऑडिटच्या अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. दुसरं नाव भावाचं निघालं.

"काय काम करता?"

"कायम कामगार हाय, बाई. भट्टीवर."

"भट्टीत माल टाकायच्या आधी काय बघता?"

"भंगार ओलं न्हाई ना, ते बघावं लागतं. न्हाई बघितलं तर माणूस जातो."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. तो चार पावलं पुढे धावला आणि भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आमचाच माणूस, मॅडम! जुना, भरवशाचा!"

भावाने वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

"ह्यांना भरपाई काय दिली?" बाईंनी विचारलं. मॅनेजरने पायाकडे बघितलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी हसलो. सहा वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, आणि तो ते विसरणार नाही याची मला खात्री आहे.

पुढे भावाला भरपाई व्याजासकट मिळाली, कारखान्याला सवलत परत करायची नोटीस निघाली, मॅनेजर गेला. मलाही नारळ मिळाला. त्याचं मला काडीचं दुःख नाही.

पण त्या दुपारी मोटारसायकलवरून घरी येताना मी ओरडून ओरडून बोलत होतो, कसा पांढराफटक पडला, कशी बोबडी वळली. भाऊ मागे बसला होता, एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर.

"आमचाच माणूस म्हणला रे त्यो," भाऊ म्हणाला.

"म्हणावंच लागलं त्याला!"

"हं. सहा वर्सं लागली त्याला." खांद्यावरचा हात त्याने काढला नाही. "तू कव्हा म्हणशील?"

मी गाडी चालवत राहिलो. आरशात त्याचा चेहरा दिसत होता. तो रागावलेला नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही.