पडद्यावरचा लाल रंग

आमच्या कॉम्प्युटरला चौदा वर्षं झाली. शनिवार पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत तो बसतो आणि त्याच्यासमोर मी. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. मुलगी दर दिवाळीला म्हणते, आई, आता नवीन घे. मी म्हणते, चालतंय ना. चालतंय ना म्हणून मी घरातल्या बऱ्याच वस्तू टिकवल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला ऐन वेळी तोंडघशी पाडलं आहे.

एका सकाळी पलीकडच्या बोळातले एक काका आले होते. त्यांची बायको गेली होती, दुसऱ्या दिवशी तेरावा. पुतण्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा तेवढा चेहरा काढून मोठा करायचा होता. एकटीचा धड फोटो तिनं कधी काढूनच घेतला नव्हता. "प्रिंटला देण्याआधी मला दाखवा," एवढंच ते म्हणाले. फोटो लॅब एक वाजता बंद होते, आणि त्याआधी प्रिंट हातात आली नाही तर फ्रेमवाला सकाळपर्यंत फ्रेम करून देणार नव्हता.

ते गेल्यावर लगेच फोटो उघडला तर चेहरा निस्तेज, हिरवट. जुना फोटो, रंग उडाला असेल असं समजून मी लाल वाढवला. तरी निस्तेज, म्हणून आणखी वाढवला. स्वतःवर बऱ्यापैकी खूश होऊन अकराच्या सुमारास लॅबमधून लहानसा नमुना काढून आणायला गेले. लॅबवाल्यानं तो माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "ह्यांना ताप होता का?" चेहरा लालबुंद झाला होता. एरवी मीही त्याला काहीतरी सुनावलं असतं. त्या दिवशी नमुना पिशवीत घातला आणि निघाले.

घरी येईपर्यंत उलगडा झाला होता. फोटोत दोष नव्हता, माझा पडदा खोटं दाखवत होता. पण कधीपासून? गेल्या आठवड्यात एका नवरीचा शालू मी असाच 'सुधारून' दिला होता. ती पत्रिका एव्हाना गावभर वाटून झाली असेल, या विचारानं मला खुर्चीत नीट बसवेना.

मी रंगात केलेले सगळे बदल काढून टाकले. आता तर पडद्यावरचा लाल पुरताच गेला होता. पांढरी भिंतसुद्धा निळसर हिरवी दिसत होती. मॉनिटर गेला असेल तर दीड तासात दुसरा कुठून आणायचा? कॉम्प्युटरच्या आतलं ग्राफिक्स कार्ड गेलं असेल तर संपलंच. घाबरत घाबरत मी मॉनिटरचं बटण दाबून त्याची स्वतःची सेटिंगची चौकट उघडली. तिच्यातली लाल पट्टी छान लाल होती. म्हणजे मॉनिटर ठीक होता. त्याच्यापर्यंत लाल पोचत नव्हता. मागची केबल काढून पाहिली. टोकाशी बारीक पिना असतात, त्यातली एक वाकली होती. भुवयांच्या चिमट्यानं ती सरळ करताना तुटलीच असं दोनदा वाटलं. केबल परत लावली. लाल आला, आणि मी हात काढताच गेला.

तेवढ्यात बेल वाजली. काका सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आले होते. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसून घातला, आणि पडद्याकडे पाहत राहिले.

"टिकली काळी दिसतेय," ते म्हणाले.

"काका, हा स्क्रीनचा दोष आहे. फोटोत लालच आहे." हे बोलताना माझं मलाच ते सबबीसारखं वाटलं. मोबाईलवर दाखवायला गेले, तर त्यांनी तो हातानं बाजूला केला. एवढ्याशा चित्रात त्यांना काही दिसत नव्हतं.

"तिनं काळी कधी लावली नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी आहे ना अजून."

मला भयंकर लाज वाटली. त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू माझ्या कंजूषपणानं काळं केलं होतं. मी टेबलाच्या मागे शिरले, केबल आत दाबली आणि थोडी वर उचलली.

"आलं," काका म्हणाले.

मी सोडली.

"गेलं."

पुन्हा दाबून उचलली आणि तशीच धरून ठेवली. मागून मला पडदा दिसत नव्हता, फक्त काकांचा चेहरा दिसत होता. "ठीक आहे ना काका? देऊ प्रिंटला?" त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. समोर घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. लॅब चालत दहा मिनिटांवर, आणि तो माणूस एक म्हणजे एकला शटर ओढतो. खांदा भरून आला होता. मी पुन्हा विचारलं, "काका, देऊ ना?"

"थांबा जरा, ताई," ते म्हणाले. "सोडू नका."

मी अलगद हात बदलला आणि केबल धरून उभी राहिले.