पाठमोरी अव्वा

तमाम वाचकांस या निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सदर लेखकाने भुताखेतांवर आजवर काडीचाही विश्वास ठेवलेला नाही. अमावास्येला दुकानावरून नारळ उतरवणाऱ्या स्वतःच्या बायकोलाही तो हसत आलेला आहे. (तिच्या पाठीमागे.)

तर... शुक्रवार पेठेत माझं दुकान आहे. घरगुती जुन्या फिल्म आणा, मी त्या मशीनवर लावतो, एकेका चौकटीचा फोटो घेतो आणि सगळे जोडून व्हिडिओ करून देतो. कधीच गेलेली माणसं माझ्याकडे रोज पंगतीत जेवतात, वरातीत नाचतात. भिऊन धंदा होतोय होय?

गेल्या उन्हाळ्यात मंद्रूपहून गंगाक्का आल्या. वय साठीचं. पिशवीतल्या शेंगाचटणीच्या डब्याखालून एक छोटं रीळ काढलं – त्यांच्याच बारशाचं! थोरल्या चुलत्यांनी काढलेलं, त्यांच्या ट्रंकेत सापडलं. अक्का पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. कानडी घर, आईला अव्वा म्हणायचं. "अव्वाचं तोंड तेवढं दिसू द्या," एवढंच म्हणाल्या.

मी काम केलं, बघितलं आणि हिरमुसलो. हिरव्या इरकलीतली बाई पाळणा हलवतेय खरी, पण रीळभर पाठमोरी, डोक्यावर पदर. कारण उघड होतं – कॅमेरा थोरल्या दिरांच्या हातात! त्यांच्यापुढं त्या काळची सून तोंड कसं दाखवणार?

फोन करून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "पाठ तर पाठ. बघते की."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आल्या. त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. माझी बायको सुनंदा चहा घेऊन आली ती दारातच थबकली. पाळणा... हिरवी पाठ... पाळणा... आणि त्या बाईनं हात थांबवला. पदर जरासा मागं सारला, वळली, सरळ समोर बघून हसली. मग पुन्हा पाळण्याकडे.

मी? मी मशीनचं माहितीपुस्तक शोधायला लागलो.

अक्का घरी गेल्यावर फिल्म उजेडात धरून भिंगाखाली चौकट न् चौकट तपासली. पाठ. पुन्हा मशीनवर लावली. पाठच. चेहरा आहे तो फक्त त्या पहिल्या व्हिडिओत, आणि आजही आहे. मंद्रूपला अक्का तो नातवंडांना दाखवतात.

सुनंदाला यात काही नवल वाटत नाही. तिचं म्हणणं, "आता समोर दीर कुठं होते? लेक होती." याला काय स्पष्टीकरण म्हणायचं? पण खरं सांगतो, माझ्याकडे एवढंही नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. तो चेहरा वळला ना, तो जेमतेम विशीतल्या पोरीचा होता. साठीच्या गंगाक्का खुर्चीतून उठल्या, स्क्रीनवर तिच्या गालापाशी बोट नेलं आणि बोलून गेल्या,

"अव्वा... किती ल्हान हायस की गं तू."