सनईची वेळ

"बाई, मुतखडा केव्हाच पडलाय. आता आजार आहे तो इंजेक्शनचा," डॉक्टर म्हणाले. शेजारी आमचे हे मान खाली घालून बसले होते.

याला पेथिडिन अ‍ॅडिक्शन म्हणतात. पेथिडिन म्हणजे कळा थांबवणारं, अफूच्या जातीचं औषध; शरीराला त्याची चटक लागते. कंपाउंडर रोज सकाळी घरी येऊन ते टोचून जायचा. खडा पडला तरी हे कळा सांगत राहिले आणि मी भाबडी त्याला बोलावत राहिले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

सोलापुरातच दवाखान्यात ठेवलं. ओकाऱ्या, जुलाब, कापरं. अठराव्या दिवशी घरी आणलं.

मन रमावं म्हणून मी सकाळी रेडिओ लावला. सनई सुरू झाली आणि ह्यांना दरदरून घाम फुटला. "त्याला बोलाव की गं, एकडाव!" म्हणून माझ्यापुढे हात जोडले. मला रडूच कोसळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "सुई कधी टोचायचे?" मी म्हटलं, रोज सकाळी रेडिओवर सनई लागायची, त्याच वेळी! "मग शरीरानं दोन्हींची गाठ मारलीय."

हे विसरभोळे झाले म्हणून माझ्या भावानं स्मरणशक्तीचं औषध आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नको. नको ती आठवणच पक्की झाली तर? याबद्दल आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

शकूचं, आमच्या लेकीचं, लग्न दीड महिन्यावर होतं. मी म्हटलं, सनई नकोच. डॉक्टर म्हणाले, "लपवणार कुठवर? रोज थोडी ऐकवा. सोबत आवडीचं काही असू द्या."

मग सनई लागली की शकू बापाशेजारी चहा घेऊन बसायची. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. हे रेडिओला शिव्या द्यायचे, मी ह्यांना. हळूहळू चहा संपेपर्यंत बसू लागले.

लग्नात अक्षता पडल्या, सनई घुमली. सगळे नवरानवरीकडे बघत होते, मी ह्यांच्याकडे. कपाळावर घाम. माझं मनगट इतकं आवळलं की काकण पिचलं.

"थांबवायला सांगू का?"

"न्हाय. वाजू दे की. पोरगी चाललीय माझी."

आणि हे ढसाढसा रडले. सुईसाठी नाही, लेकीसाठी. त्या रडण्याबद्दल मी त्या डॉक्टरांची जन्माची ऋणी आहे.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याला व्यसनी म्हणून टाकू नका. अजूनही एखाद्या सकाळी सनई लागली की ह्यांना घाम फुटतो. मी रेडिओ बंद करत नाही, जवळ जाऊन बसते.